मदत हवी आहे: वहिनींचं दहावीचं गणित

आमच्या वहिनींची शाळा आठवीनंतर सुटली. आता १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्याचा) भरून दहावीला बसायचं त्यांनी मनावर घेतलंय. बाकी विषय निभतील, गणित अडतंय. ३क्ष − ७ = ११ सोडवताना सात पलीकडे नेला तरी वजाच राहतो. चुकलेली गणितं त्या वेगळ्या वहीत लाल पेनाने उतरवतात, पण घड्याळ लावून बसलं की तीच चूक पुन्हा! जिद्द मात्र दांडगी आहे.

रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर तासभर मिळतो, क्लास जमत नाही. संसार सांभाळून दहावी दिलेल्या कुणी ताई इथे आहेत का? ४० मार्कांचे दोन पेपर, त्यात आधी बीजगणित पक्कं करावं की भूमिती? चुकांच्या वहीचा सराव तुम्ही कसा केलात? कृपया सविस्तर सांगा.