बारावीनंतर कंत्राटी कामाला लागलेल्या पोरांनी परत शिकायचं, तर काम सोडूनच. तुमचं मत काय?

अंबडलिंकरोड (धागालेखिका)

नाशिकच्या सिडकोत माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. जून ते ऑगस्ट गर्दी असते आणि त्या गर्दीत एक गट दरवर्षी वाढताना दिसतो. बारावी करून वर्ष-दोन वर्षं अंबड नाहीतर सातपूर एमआयडीसीत कंत्राटदाराकडे काढलेली आणि आता परत शिकायला निघालेली मुलं. पहिली शिफ्ट सुटली की कंपनीच्या शर्टातच येतात आणि विचारतात, "ताई, काम चालू ठेवून कुठे ॲडमिशन मिळेल?"

माझं मत सरळ मांडते. ज्याला परत शिकायचंय त्याने काम सोडून पूर्णवेळ शिकावं आणि घरच्यांनी त्याचा पगार दोन-तीन वर्षं विसरावा. "काम करत करत बघ" हा सल्ला मायेने दिला जातो, पण त्याने शिक्षण बुडतं.

कंत्राटी कामाला पुढची पायरीच नाही. सलग २४० दिवस भरले की कायद्याने हक्क सांगता येतो, ते भरू नयेत म्हणून सात महिने झाले की ब्रेक देतात. मग दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर तेच मशीन, तेच काम. तीन वर्षांनीही पोरगा हेल्परच. हातात बारा-तेरा हजार पडतात आणि त्या जोरावर मोटारसायकल घेतली जाते. यादीत नाव लागूनही कॉलेजात न गेलेली जी मुलं मला माहीत आहेत, त्यांच्या बाबतीत फीपेक्षा गाडीचा हप्ताच जास्त वेळा आडवा आला.

शिवाय थकवा. मनाची तयारी असली की सगळं जमतं म्हणणाऱ्यांनी आठवडाभर तिसरी शिफ्ट करून सकाळी गणिताचं पुस्तक उघडून बघावं.

आणि दारं अजून उघडी आहेत हे कित्येक घरांत माहीतच नसतं. गॅप पडला म्हणजे संपलं असं धरून चालतात. इंजिनिअरिंगच्या पदविकेला (डिप्लोमा) पहिल्या वर्षाला दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, प्रवेश परीक्षा नाही. बारावी सायन्स असेल, किंवा दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय असेल, तर थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. इंजिनिअरिंगची पदवी हवी असेल तर सीईटी ही प्रवेश परीक्षा पुन्हा देता येते, फक्त गुण त्या वर्षापुरतेच चालतात. मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, इतकंच. मुलींसाठी तर जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी गटांत, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. हे ऐकून काउंटरवर रडलेली मुलगी मी पाहिली आहे, कारण तिच्या घरी तिला "तुझ्या फीला पैसे नाहीत" एवढंच सांगितलेलं होतं.

---

शिफ्टइन्चार्ज_सातपूर

ताई, तळमळ कळते, पण मत पटलं नाही. मी स्वतः बारावीनंतर हेल्पर म्हणून लागलो आणि नोकरी करत मुक्त विद्यापीठातून बीए केलं. गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला १९८९ पासून हे विद्यापीठ उभं आहे. कामगार, गृहिणी, शेतकरी यांना काम न सोडता शिकता यावं म्हणूनच ते उभं केलं. महाराष्ट्रभरची माणसं त्याचा लाभ घेतात आणि आपण नाशिककर पोरांना सांगायचं की काम सोडल्याशिवाय शिक्षण होत नाही?

पुढचं जरा कडू वाटेल. पदविका झालेली मुलं माझ्याकडे ट्रेनी म्हणून येतात. पहिल्या वर्षी त्यांच्या हातात हेल्परपेक्षा दोन-तीन हजारच जास्त पडतात. तीन वर्षं पगार सोडायचा, वर खर्च करायचा आणि येऊन पुन्हा त्याच गेटवर उभं राहायचं. घरच्यांना हा हिशोब कोण समजावणार?

---

अंबडलिंकरोड

दादा, तुम्ही जिद्दीने केलंत, त्याबद्दल आदरच आहे. पण तुम्ही हेल्पर होतात तेव्हा कायम होण्याची वाट होती, आज ती किती जणांना मिळते ते तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. मुक्त विद्यापीठाची पदवी स्पर्धा परीक्षेला चालते, पदवीधर भरतीला चालते. त्यासाठी कुणी येत असेल तर मी स्वतः फॉर्म भरून देते. पण ज्याला डिझाइनला, मेंटेनन्सला, क्वालिटीला जायचंय त्याचं बीए करून काय होणार? त्याला वर्कशॉप आणि लॅब लागते, आणि ती दिवसा असते.

आणि पहिल्या वर्षाचा पगार नका धरू. पाचव्या वर्षी ट्रेनी कुठे असतो आणि हेल्पर कुठे, ते सांगा.

---

शिफ्टइन्चार्ज_सातपूर

पाचव्या वर्षी फरक पडतो, हे मान्य. टिकला तर.

---

पाथर्डीफाटा_आई

"घरच्यांनी पगार विसरावा" हे वाक्य मी दोनदा वाचलं. आमच्या घरात तो पगार विसरणार कोण?

ह्यांची कंपनी बंद पडली, आता रिक्षा चालवतात, तीही भाड्याची. थोरल्याने बारावी केली आणि कामाला लागला. घरभाडं त्याच्या पगारातून जातं. धाकटी अकरावी सायन्सला आहे, तिचा क्लास त्याच्याच पैशांतून. तो कधीच तक्रार करत नाही. पण कॉलेजात गेलेला मित्र घरी आला की हा गच्चीवर निघून जातो. आई आहे, दिसतं मला.

उद्या त्याला काम सोडायला सांगितलं तर धाकटीचा क्लास बंद करावा लागेल. एकाचं शिक्षण दुसऱ्याच्या शिक्षणातून कापायचं हे मला कुणी सांगू नये. ताई, तुमचा सल्ला ज्यांच्या घरात दुसरा कमावता आहे त्यांच्यासाठी आहे.

---

अंबडलिंकरोड

वहिनी, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही, आणि आहे असं भासवणारही नाही. दोन गोष्टी मात्र सांगते. धाकटीसाठी वरची फीमाफी लागू होते का ते बारावीच्या निकालाआधीच तपासा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. तिच्या कॉलेजची फी डोक्यावर नसेल तर थोरल्यावरचा भार तेवढा हलका होईल. आणि त्याचं सोडणं आत्ता जमत नसेल, तर कोणत्या वर्षी जमेल ते घरात बसून ठरवा. साल ठरवलं नाही की "पुढच्या वर्षी बघू" चालूच राहतं.

---

दिंडोरीकर

आमच्याकडे वेगळी तऱ्हा आहे. ऑक्टोबरला द्राक्षबागांची गोडी छाटणी (फळछाटणी), तिथून डिपिंग (घड बुडवणं), थिनिंग (मणी विरळणं), आणि जानेवारी ते मार्च-एप्रिल काढणी. पॅकहाउसला सीझनभर पोरापोरींना काम असतं. गावातली पाच-सहा पोरं मी बघतो, सीझनला राबतात आणि जूनला त्याच पैशातून फी भरतात. बारा महिन्यांच्या नोकरीपेक्षा हे बरं. काम आपोआप संपतं, त्यामुळं सोडायचा प्रश्नच येत नाही.

काम सोडूनच शिका म्हणण्यापेक्षा काम निवडताना डोकं लावा असं म्हणा.

---

तंत्रनिकेतन_मास्तर

दिंडोरीकर, एक अडचण. पदविकेची उन्हाळी परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते, तोंडी आणि प्रात्यक्षिकं त्याआधी. नेमकी काढणीची धांदल. बागेतून परीक्षेला येणारी मुलं मी पाहतो, लेखीत नाही पण प्रात्यक्षिकाच्या वह्यांत मागे पडतात. पहिल्या प्रवेशाची फी जमवायला सीझन ठीक, पण प्रवेश झाल्यावर सीझन आणि सत्र एकत्र चालत नाहीत.

मूळ मुद्द्यावर येतो. मी यंत्र शाखेला शिकवतो आणि ताईंशी बहुतांशी सहमत आहे. ७५ टक्के हजेरी लागते. शिफ्ट करून ती भरत नाही, आणि भरली तरी मुलगा बाकावर झोपलेला असतो. पण कंपनीतून आलेल्या मुलांबद्दल दोन अनुभव इथे नोंदवले पाहिजेत.

ही मुलं वर्गात आली की वर्कशॉपचा नूर बदलतो. मायक्रोमीटर, व्हर्नियर त्यांच्या हातात बसलेलं असतं. जॉब (बनवलेला भाग) रिजेक्ट का झाला, हे त्यांनी सुपरवायझरच्या शिव्या खाऊन शिकलेलं असतं. टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो, हे फळ्यावर समजावायला मला दोन तास लागतात. त्यांना ते एका वाक्यात कळतं आणि शेजाऱ्यालाही तेच समजावतात. त्यामुळे ती वर्षं वाया गेली असं त्यांना कुणीही सांगू नये.

अडतात कुठे? इंजिनिअरिंग ड्रॉइंग आणि गणित. थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या बारावीच्या मुलाने ड्रॉइंग कधी केलेलंच नसतं, आणि अकरावी-बारावीचं गणित मधल्या वर्षांत गंजलेलं असतं. पहिले तीन महिने फार जड जातात. सोडून जाणारे बहुतेक त्याच काळात जातात, आणि कारण पैशाचं सांगतात, कारण ते सांगायला सोपं असतं. म्हणून माझा सल्ला असा की प्रवेशाआधीचे दोन महिने ड्रॉइंगच्या शीट आणि बारावीच्या गणिताला द्या. नोकरी त्याच दोन महिन्यांसाठी आधी सोडता आली तर सोडा.

ज्यांना पगार पूर्ण सोडणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी आयटीआय आणि मग ॲप्रेंटिसशिप हा मार्ग आहे. १९६१ च्या कायद्याखाली शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळतं. नंतर याच आयटीआयवरून पदविकेच्या दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. पाथर्डीच्या ताईंनी मुलाला त्र्यंबक रोडच्या शासकीय आयटीआयमध्ये एकदा चौकशी करायला सांगावं.

---

पाथर्डीफाटा_आई

सर, आयटीआयलाही दिवसभर जावं लागतं. ती दोन वर्षं घरभाडं कुठून आणायचं?

---

तंत्रनिकेतन_मास्तर

खरंय. ती दोन वर्षं मोकळीच जातात.

---

वाचकमात्र

पदवीला प्रवेश घेणाऱ्यांसाठी एक भर. नव्या शैक्षणिक धोरणात पहिलं वर्ष पूर्ण करून थांबलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका. मिळवलेले श्रेयांक ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये सात वर्षांपर्यंत जपले जातात. त्यामुळे मधेच कामाला जावं लागलं तरी सगळं शून्यावर येत नाही. कॉलेजात 'कमवा व शिका'ची चौकशीही जरूर करा, पुणे विद्यापीठाशी जोडलेल्या नाशिकच्या अनेक कॉलेजांत ती चालते. पैसे थोडे, पण काम कॅम्पसवरच आणि तासांचं गणित वर्गाला धरून.

---

सेकंडशिफ्ट

इथे ज्यांच्याबद्दल चाललंय त्यांतला मी एक. २०२३ ला बारावी सायन्स. मग मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत एका कार्यालयात लागलो. बारावीवाल्यांना महिन्याला ६,००० मिळायचे. आधी सहा महिने होते, नंतर पाच वाढवून अकरा केले. शिक्षण चालू असणाऱ्याला त्यात घेत नाहीत, म्हणून त्या वर्षी प्रवेश घेतला नाही. वाटलं होतं तिथेच पुढे काहीतरी होईल. प्रशिक्षण संपलं, प्रमाणपत्र मिळालं, विषय संपला. आता अंबडला कंत्राटदाराकडे आहे.

इथे सगळे पैशाचं बोलत आहेत आणि ते बरोबरच आहे. पण माझी भीती वेगळी आहे. दोन-तीन वर्षांनी लहान पोरांच्या वर्गात बसायचं, आणि गणित आलं नाही तर? कंपनीत मला काम येतं. लोक नावाने हाक मारतात, नवीन पोरगा आला की मला शिकवायला सांगतात. ते सोडून जिथे मला काहीच येत नाही तिथे जायचं. आई-वडील "जा" म्हणत आहेत, पैशाचीही थोडी सोय झाली आहे. मीच अडलोय.

सुपरवायझर म्हणतात, थांब, पुढच्या वर्षी तुझं नाव कायमसाठी देतो.

---

शिफ्टइन्चार्ज_सातपूर

मित्रा, मी वर तुझ्या विरुद्ध बाजूने बोललो, पण तुला एक सांगतो. नाव देणं सुपरवायझरच्या हातात असतं, कायम करणं नसतं. मीही नावं देतो. मनापासून देतो. वरून काय होतं ते तुला कंपनीत दिसतच असेल. त्या भरवशावर वर्ष घालवू नकोस. घरचे जा म्हणत असतील तर जा. ज्यांच्या घरचे जा म्हणू शकत नाहीत त्यांच्याबद्दल माझं मत अजून तेच आहे, आणि ताईंनी धाग्याच्या नावात "सोडूनच" लिहायला नको होतं.

---

अंबडलिंकरोड

"सोडूनच" वर मी ठाम आहे, दादा. ज्याला जमत नाही त्याला दोष देत नाही. पण ज्याला जमतं तोही सोडत नाही, आणि असे माझ्या दुकानात जास्त येतात.

---

तंत्रनिकेतन_मास्तर

सेकंडशिफ्ट, वयाची काळजी सोड. थेट दुसऱ्या वर्षाच्या वर्गात आयटीआयवाले, गॅपवाले, तुझ्याएवढे पाच-सात तरी असतातच. गणिताची भीती मात्र रास्त आहे, ती अभ्यासानेच जाईल. बारावीचं पुस्तक काढ. त्रिकोणमिती आणि विकलन, एवढ्यावर आधी हात बसव. बाकीचं वर्गात बघू.

---

सेकंडशिफ्ट

सर, पुस्तक धाकट्या भावाकडे आहे, आजच घेतो. ताई, कागद काय काय लागतील? माझा जातीचा दाखला आहे, पडताळणी झालेली नाही.

---

अंबडलिंकरोड

मग प्रवेश सुरू व्हायची वाट न बघता आधी पडताळणीचा अर्ज कर, सगळ्यात वेळखाऊ तेच काम आहे. बारावीच्या कॉलेजातून शाळा सोडल्याचा मूळ दाखला घे, बरेच जण तो तिथेच विसरतात. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, आणि नॉन क्रिमीलेअर लागत असेल तर त्यावरची मुदत प्रवेशानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंतची आहे ना ते बघ. गॅपचं प्रतिज्ञापत्र शेवटी केलं तरी चालतं. कामाचं पत्र किंवा पगाराच्या स्लिपा असतील तर त्याही जपून ठेव, कंत्राटदार बदलला की त्या मागून मिळत नाहीत. आणि पीएफ कापला जात असेल तर यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, लिहून घे. पुढे कुठेही लागलास तरी तोच चालतो.