मदतनिधीचा प्रयोग आणि तिकिटाचा हिशोब

एखाद्या संस्थेच्या मदतीसाठी नामवंत कलाकार प्रयोग करतात, तेव्हा 'इतकं महाग तिकीट काढण्यापेक्षा तेवढे पैसे थेट संस्थेला द्या' असं काहीजण म्हणतात. हा मुद्दा हिशोबाला धरून आहे. नामवंत कलाकारांनी मानधन सोडलं तरी नाट्यगृहाचं भाडं, ध्वनी-प्रकाशयोजना, प्रवास हे खर्च राहतातच. ते प्रायोजकाने उचलले असतील तरच तिकिटाचा पूर्ण पैसा निधीत जातो. जाण्याआधी आयोजकांना एवढं विचारावं. नीट काम करणारे बिनधास्त सांगतात.

पण थेट देणगी देणारे मुळात थोडे, आणि तेही बहुधा आधीपासून त्या कामाशी जोडलेले. नुसतं नाटक बघायला आलेला माणूस नटांच्या ओढीनेच येतो. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले अशा मंडळींनी 'लग्नाची बेडी' या नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. त्यात मला सर्वांत आवडतं ते हे, की मुद्दल तसंच ठेवून व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन द्यायचं ठरलं. एका संध्याकाळची टाळी वर्षानुवर्षं पुरवायची ही खरी अक्कल!

अशा मदतीच्या कार्यक्रमाबद्दल म्हणाल तर अपेक्षा बेताची ठेवा. तालमींना वेळ मिळत नाही, त्यामुळे सुटे प्रवेश आणि अभिवाचनच जास्त. अभिवाचन मात्र चुकवू नका. नेपथ्य नाही, हातात कागद, तरी मुरलेला नट नुसत्या आवाजावर प्रसंग उभा करतो. सत्कार आणि भाषणं लांबतात, त्याला इलाज नाही.