मदत हवी आहे: पावसात लाउटन ते एपिंग, आजी-आजोबांना झेपेल का?

येत्या रविवारी लंडनजवळच्या एपिंग फॉरेस्टमध्ये आम्ही १४ जण चालायला जातोय. त्यात भारतातून आलेले, सत्तरीतले आजी-आजोबा आणि आठ वर्षांची दोन मुलं. बाबागाडी नाही. लंडन मेट्रोच्या सेंट्रल लाइनने लाउटनला उतरून जंगलातून एपिंग स्टेशन गाठायचं, साधारण १० किलोमीटर. अंदाज पावसाचा आहे, पण तारीख बदलता येणार नाही. आजी-आजोबांचं परतीचं विमान लगेच आहे.

मी लाउटन कॅम्पपर्यंत (जंगलातला प्राचीन मातीचा किल्ला) जाऊन आलो. हॉर्नबीमच्या झाडांना कोवळी पालवी फुटलीय, त्यांना हे दाखवायचंच आहे. पण सखल भागात नुसती चिकणमाती: दहा पावलांत बुटाच्या तळाला जाड थर बसतो आणि उतारावर पाय ठरत नाही. वर खडीच्या जमिनीवर बरं होतं. कॉनॉट वॉटर तळ्याभोवतीची पक्की वाट माहीत आहे, पण ती फारच छोटी.

लाउटन कॅम्पच्या पुढे ग्रीन राइड ही जंगलातली रुंद वाट धरली, तर भर पावसात ती ज्येष्ठांना काठीच्या आधाराने जमेल का, की हाय बीच या जंगलातल्या गावाहूनच मागे फिरावं? आणि घरचे डबे उघडून बसता येईल असा आडोसा वाटेत कुठे आहे?