घड्याळासाठी नाव लिहून ठेवलं होतं : तुमचे अनुभव सांगा

दोन_काटे
काल कपाट आवरताना एक व्हिजिटिंग कार्ड सापडलं, घड्याळाच्या दुकानातलं. मागच्या बाजूला तिथल्या माणसाच्या अक्षरात माझं नाव, त्याखाली "स्टील डेटोना, पांढरी तबकडी" आणि शेवटी "आलं की कळवतो". शाई फिकी पडलीय, पण वाचता येतं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. १९८८ मध्ये रोलेक्सचं डेटोना ऑटोमॅटिक झालं, म्हणजे हाताच्या हालचालीने चावी बसणारं, पण आतलं यंत्र रोलेक्सचं स्वतःचं नव्हतं. झेनिथ कंपनीच्या एल प्रिमेरो यंत्रात बरेच बदल करून ते वापरत. यंत्रं बाहेरून येतील तेवढीच घड्याळं होणार, असं मला दुकानात समजावलं होतं आणि पटलंही होतं. २००० साली त्यांचं स्वतःचं ४१३० यंत्र आलं. म्हटलं, आता आपला नंबर लागणार. यादी उलट वाढतच गेली. २०१६ ला सिरॅमिक बेझलवालं (बेझल म्हणजे तबकडीभोवतीचं कडं) आलं, त्यानंतर मी विचारणंच सोडलं.

घड्याळ मिळालं नाही याचं आता काही वाटत नाही. पण एवढ्या वर्षांत माझा नंबर कितवा, हे एकदाही कुणी सांगितलं नाही. ते अजून टोचतं. "तुम्हाला नाही मिळणार" असं तोंडावर सांगितलं असतं तरी चाललं असतं.

कुणी असं नाव लिहून ठेवलं होतं का? पुढे काय झालं? लांबलं तरी चालेल, लिहा.

रेवा_म
बाळ झोपलंय तोवर पटकन लिहिते. मला मिळालं! रोलेक्सचं लाल-निळ्या बेझलचं जीएमटी, स्टीलचं. लाल सिरॅमिक करणं फार अवघड असतं म्हणे. निळं-काळं बेझल २०१३ ला आलं, लाल-निळं २०१४ ला, तेही फक्त व्हाइट गोल्डमध्ये. स्टीलमध्ये यायला २०१८ उजाडलं. मी त्याच वर्षी नाव दिलं होतं. मग नोकरी बदलली, लग्न झालं, फोन नंबर तेवढा बदलला नाही. फोन आला तेव्हा मी सातव्या महिन्यात होते आणि बोटं इतकी सुजली होती की अंगठीसुद्धा काढून ठेवलेली. तसंच जाऊन घेतलं. मनगटाला घट्ट बसलं तर दुकानातल्या बाईंनी एक कडी जोडून दिली आणि म्हणाल्या, बाळंतपणानंतर या, परत काढून देते. त्या बाईंसाठी मी अजून त्याच दुकानात जा

रेवा_म
अर्धवटच गेलं. उठलं बाळ. नंतर येते.

सावकाश_चाल
रेवा, अभिनंदन, घड्याळाचं आणि बाळाचंही :) 
मी वाचतोय. मला काही घ्यायचं नाहीये, पण विषय आवडला.

काउंटरपलीकडे
दोन काटे, तुमचा प्रश्न मी रोज ऐकलाय. अशाच दुकानात बरीच वर्षं नोकरी केली, आता सोडली, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

नंबर सांगत नाहीत, कारण नंबर नसतोच. लोकांना ती रांग वाटते. प्रत्यक्षात ती नावांची वही असते, आता संगणकात. पुढच्या खेपेला काय येणार हे दुकानालाही आधी नीट ठाऊक नसतं. खोकं उघडलं की कळतं. त्यात सगळ्यांना हवी असलेली स्टीलची घड्याळं थोडी आणि ती मागणारी नावं ढीगभर. मग मॅनेजर बसून ठरवतो. आधी इथून काय घेतलंय, स्वतः घालणार की उद्या विकणार, कुणाचा काही खास प्रसंग आहे का, आणि कोण विसरू न देता अधूनमधून येऊन भेटतं. शेवटचा मुद्दा लोकांना वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे.

मार्च २०२० मध्ये कारखाने काही काळ बंद पडले आणि त्याच वेळी घरात बसलेल्या लोकांना घड्याळांचं वेड लागलं. त्यानंतरची दोन वर्षं भयंकर. शोकेसमध्ये घड्याळ आणि शेजारी "फक्त प्रदर्शनासाठी" अशी पाटी. माणूस काचेला नाक लावून बघतोय आणि मी सांगतोय की हे विकायचं नाही. लोक चिडायचे. एक आजोबा मात्र चिडले नाहीत, फक्त म्हणाले, "माझ्याकडे वाट बघायला किती वर्षं आहेत असं तुम्हाला वाटतं?" त्यांचं नाव मी मॅनेजरसमोर प्रत्येक खेपेला घ्यायचो. त्यांना मिळालं.

विनंती एकच. दुकानात गेलात की "मला हे मिळण्याची खरंच शक्यता आहे का?" असं सरळ विचारा. असं विचारलं की समोरच्या बऱ्याच जणांना खोटं बोलवत नाही. आम्हालाही "बघू, कळवतो" म्हणण्यापेक्षा ते हलकं जातं.

निळी_तबकडी
आजोबांचं वाचून गलबलून आलं. धन्यवाद लिहिल्याबद्दल.

दोन_काटे
काउंटरपलीकडे, मनापासून आभार. हे मला तेव्हाच कुणी सांगायला हवं होतं. वहीत नाव आहे म्हणजे कधीतरी पाळी येणारच, असं मी धरून चाललो होतो.

प्राजक्ता_लिहिते
माझा अनुभव वाईट आहे. ब्रँडचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही. नवऱ्याच्या पन्नाशीसाठी एक घड्याळ हवं होतं. आधी म्हणाले, ओळख वाढू द्या. मग म्हणाले, दागिन्यांच्या विभागात काही बघता का. मग एक दुसरं, न खपणारं घड्याळ पुढे केलं, हे घेतलंत तर तुमच्या नावाचा विचार लवकर होईल. कागदावर काहीच नाही, सगळं हसून, गोड बोलून. मी उठले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, बरं केलंस, असल्या घड्याळात वेळ बघताना मला रोज हेच आठवलं असतं.
याचा राग मला अजून आहे आणि तो असायलाच हवा असं वाटतं.

मनगट_सहा_इंच
+१ प्राजक्ता. विकायचं तर विका, नाहीतर नाही म्हणा.

हातगुण
मी दुरुस्तीचं काम करतो. एल प्रिमेरोचं नाव निघालं म्हणून थोडं वेगळं लिहितो. १९६९ मधलं हे यंत्र. बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत झेनिथच्या त्या वेळच्या अमेरिकी मालकांनी १९७५ मध्ये यांत्रिक घड्याळांचं काम बंद करून अवजारं भंगारात काढायला सांगितलं. तिथल्या शार्ल व्हेर्मो नावाच्या कारागिराने ते ऐकलं नाही. साचे, कटर, कॅम, सगळी हत्यारं माळ्यावर लपवली आणि कुठे काय ठेवलंय, कशाचा काय उपयोग, हे वहीत लिहून ठेवलं. ऐंशीच्या दशकात कारखान्याला ते यंत्र पुन्हा करायचं झालं तेव्हा ही सगळी हत्यारं हाताशी होती. म्हणजे दोन काटे ज्या घड्याळाची वाट बघत होते, ते मुळात झालं यात त्या माळ्याचा वाटा आहे.
रोलेक्सने या यंत्राची गतीही तासाला ३६,००० ठोक्यांवरून २८,८०० वर आणली होती. तेल जास्त टिकतं, झीज कमी.

सावकाश_चाल
हातगुण, काय माहिती दिलीत! या माणसावर वेगळा धागा काढा.
आणि दोन काटे, तुमच्या नावात सेकंदकाटा नाही म्हणून एवढी वाट बघता आली असणार :)

अकरा_ग्रह
सगळे लाखमोलाच्या घड्याळांबद्दल लिहितायत, मी प्लास्टिकसारख्या घड्याळासाठी रांगेत उभा राहिलो. मूनस्वॉच, २६ मार्च २०२२. ओमेगाच्या स्पीडमास्टरसारखं दिसणारं, बॅटरीवरचं, सूर्य, चंद्र, ग्रह आणि प्लूटो धरून अकरा रंगांत. ऑनलाइन नाही, ठरावीक स्वॉच दुकानांतच. पहाटे अंधारात पोचलो तर रांग कोपऱ्यावरून वळलेली. कितीतरी शहरांत त्या दिवशी गर्दीमुळे दुकानं बंद करावी लागली, आमच्याकडे निभावलं. माझ्या पुढे एक कॉलेजातली मुलगी, मागे एक निवृत्त शिक्षक. रांगेतली जागा एकमेकांना राखायला सांगत चहासाठी जात होतो. मला मंगळ हवा होता, बुध मिळाला. शिक्षकांना मंगळ मिळाला आणि त्यांनी तिथल्या तिथे बदलून दिला. अजून वापरतो. ते सर अजून दर महिन्याला फोन करतात.
ही रांग मला आवडली, कारण ती डोळ्यांना दिसत होती. पुढे किती माणसं आहेत ते मोजता येत होतं.

निळी_तबकडी
पण टंचाई मुद्दाम करतात असं नाही वाटत कुणाला? पाटेक फिलिप कंपनीचं नॉटिलस ५७११ हे घड्याळ बघा. २००६ ला आलं, २०२१ मध्ये मागणी शिगेला असताना बंद केलं. त्याच डिसेंबरात टिफनी या दागिन्यांच्या कंपनीच्या निळ्या रंगाच्या तबकडीचे १७० नग काढले आणि त्यातला एक लिलावात पासष्ट लाख डॉलरला गेला.

काउंटरपलीकडे
निळी तबकडी, पाटेकच्या निर्णयांबद्दल मी सांगू शकत नाही. रोलेक्सने २०२१ मध्ये जाहीर सांगितलं होतं की टंचाई हे आमचं धोरण नाही, दर्जा न घसरवता एवढंच करता येतं. स्वित्झर्लंडमध्ये ब्यूल इथे ते नवा कारखाना उभारतायत, तो २०२९ ला सुरू व्हायचा आहे. कारागीर घडवायलाही वर्षं लागतात. म्हणजे कारण खरं आहे. पण टंचाई खरी असली तरी ग्राहकाला झुलवत ठेवायचं की नाही, हे काउंटरवरचा माणूस ठरवतो. प्राजक्ताताईंशी वागले ते कारखान्याच्या क्षमतेमुळे नव्हे.

प्राजक्ता_लिहिते
नेमकं.

मनगट_सहा_इंच
जरा अवांतर, ४१ मिमीचं घड्याळ सहा इंची मनगटाला मोठं दिसेल का? घरचे म्हणतात भिंतीवरचं काढून बांधल्यासारखं वाटतं.

हातगुण
व्यास बघू नका, एका लगच्या (पट्टा अडकवायच्या शिंगाच्या) टोकापासून समोरच्या लगच्या टोकापर्यंतची लांबी बघा. ती मनगटाच्या बाहेर गेली नाही तर चालतं.

गव्हाळ_पट्टा
मी एका एकट्या काम करणाऱ्या घड्याळजीकडे ऑर्डर दिली आहे. लहान कार्यशाळा, तबकडी आणि काटेसुद्धा तोच करतो. पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, तुमच्या आधी किती लोक आहेत, तुमचं काम कोणत्या वर्षी हातात घेईन आणि आजारी पडलो तर उशीर होईल. थोडी रक्कम आगाऊ, बाकी शेवटी. अधूनमधून फोटो येतो, आज पुलांच्या (यंत्राची चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या) कडा घासल्या, आज काटे निळे केले, एक रंग बिघडला म्हणून पुन्हा करतोय. रॉजर स्मिथसारख्या हाताने घड्याळं घडवणाऱ्यांच्या कार्यशाळेत वर्षाला वीसही घड्याळं होत नाहीत, तिथे वाट बघणं कुणाला खटकत नाही. कारण वाट कशाची बघतोय ते दिसतं. मला घाई नाही. फोटो आला की बायको आणि मी दोघं मोठं करून बघत बसतो.

दोन_काटे
गव्हाळ पट्टा, पुढचा फोटो इथेही टाका.

रेवा_म
आले परत. कडी अजून काढून घेतली नाहीये, सैल झालंय. हातगुण, घरी काढता येते का? आणि बाळाला अंघोळ घालताना घातलं तर चालेल ना, शंभर मीटर लिहिलंय.

हातगुण
कडीला स्क्रू असतो, पण स्क्रूड्रायव्हरचं पातं अचूक मापाचं लागतं, नाहीतर ओरखडा पडतो. त्या बाईंकडेच जा. पाणी चालेल, क्राउन (बाजूची चावीची फिरकी) पूर्ण आवळलाय ना तेवढं आधी बघा. साबण आणि गरम पाण्याने रबरी सील लवकर म्हातारं होतं, म्हणून अंघोळीच्या वेळी काढून ठेवलेलं बरं. आणि बाळाच्या कातडीला कडीची धार लागते.