गाडी गरम झाल्यावरच तिसऱ्या गिअरमध्ये अडकते

प्रश्न: माझ्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स थंड असताना उत्तम चालतो, परंतु अर्धा तास चालवल्यानंतर एखाद्या खड्ड्यात झटका बसतो, इंजिनाचा दिवा लागतो आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकून राहते. बंद करून पुन्हा चालू केली की सारे पूर्ववत होते. स्कॅनरवर पी०७०० आणि पी०७२३ हे कोड आले. आउटपुट स्पीड सेन्सर (गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणारा) नवा बसवूनही दोष कायम आहे आणि आता गिअरबॉक्स उघडण्याचा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का?

उत्तर १: कृपया एवढ्यात उघडू नका. पी०७०० ही केवळ गिअरबॉक्समध्ये काहीतरी बिघडल्याची सूचना असते. खरी माहिती पी०७२३ देतो आणि त्याचा अर्थ 'सेन्सर खराब' असा नसून 'सेन्सरच्या सर्किटमधला सिग्नल मधूनच तुटतो' असा आहे. क्लच घसरत असता तर बहुधा गिअर रेशोचा (आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या वेगांच्या गुणोत्तराचा), म्हणजे पी०७३० च्या गटातला कोड आला असता. आपला सेन्सर दोन तारांचा, कॉइलचा असेल तर बॅटरी सोडवून, कंट्रोल युनिटचा कनेक्टर काढून त्याच्याच पिनांवर रोध (रेझिस्टन्स) मोजा, म्हणजे सेन्सरबरोबर पूर्ण वायरिंगही तपासले जाईल. मल्टिमीटर लावलेला असताना वायरिंग थोडे थोडे हलवत पुढे जा आणि हेअर ड्रायरने गरम करा. आकडा जिथे उडी मारेल, तिथेच दोष आहे. हॉल प्रकारच्या (कॉइलऐवजी इलेक्ट्रॉनिक चिप असलेल्या) सेन्सरवर मात्र ही रोधाची चाचणी करू नये.

उत्तर २: कनेक्टरही उघडून पाहा. आत तेल झिरपले आहे का, पिन सैल झाल्या आहेत का, हे नजरेला लगेच कळत नाही. अर्थिंगची तार नुसत्या कंटिन्युइटीने (तार सलग आहे का, एवढेच बीपने सांगणाऱ्या चाचणीने) तपासणे फसवे ठरते, कारण एकच धागा शाबूत असला तरी मल्टिमीटर वाजतो. भार चालू ठेवून, म्हणजे तारेतून प्रवाह वाहत असताना, व्होल्टेज ड्रॉप (तारेच्या दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरक) मोजा. अर्थिंगवर तो साधारण ०.१ व्होल्टच्या आत असावा.

प्रश्नकर्ता: दोष सापडला. गिअरबॉक्सवरच्या क्लिपजवळ तार ताणलेली होती. वरचे आवरण अखंड, पण आतले तांबे तुटलेले. पुन्हा तशीच ताणली जाऊ नये म्हणून थोडी जास्त लांबीची तार जोडणार आहे.

उत्तर १: जोड हीट श्रिंकने (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणाऱ्या नळीने) बंद करा, आणि मूळ दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतील तर तो पीळ तसाच ठेवा, बाहेरच्या विद्युत गोंगाटापासून सिग्नलचे रक्षण त्यामुळेच होते.