कंपनीचा स्टिरिओ ठेवून स्पीकर बदलताय? सगळे पैसे पुढच्या दारांतच घाला

चार_ओहम
दहा-बारा हजारांत गाडीतले स्पीकर बदलायचे आणि स्टिरिओ कंपनीचाच ठेवायचा असेल, तर खर्च चार दारांत वाटू नका. मागचे जुने राहू द्या.

खोक्यावरचे ‘३०० वॉट’ विसरा, तो क्षणभराच्या झटक्याचा आकडा. स्टिरिओवर ‘४ × ५०’ छापलेलं असलं तरी १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला आवाज न फाटता गणितानेच जेमतेम २६ वॉट मिळू शकतात. प्रत्यक्षात १५ ते २० धरा. एवढ्या कमी ताकदीत बघायची ती सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठराविक ताकदीत स्पीकर किती जोरात वाजतो तो आकडा. ३ डेसिबल जास्त असली की तेवढाच आवाज निम्म्या वॉटमध्ये निघतो. ८७ डेसिबलचा महागडा स्पीकर इथे मरगळलेला वाजतो, ९१ चा साधा, कागदी कोनचा (कोन म्हणजे हलून आवाज काढणारा पुढचा पडदा) खुलतो.

उरलेले पैसे दारात. आतल्या पत्र्याला मोठी भोकं असतात आणि त्यांवर नुसता प्लास्टिकचा कागद. कोन पुढे आला की पुढची हवा त्या भोकांतून फिरून मागे जाते आणि बेस तिथेच मरतो. स्पीकरच्या मागे, बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला २ मिलिमीटरची ब्युटिल शीट (पत्र्याची थरथर दाबणारी चिकट रबरी शीट) रोलरने दाबून बसवा, मग आतली भोकं बंद करा. दाराच्या तळाशी पाणी जायची छिद्रं असतात, ती मात्र मोकळीच हवीत. बुजली तर पावसाळ्यात दारात पाणी साचतं आणि पत्रा आतून सडतो.

घाटवाट
मागचे जुने राहू द्या, हे पटत नाही. गाडीत पाच माणसं बसतात, एकटा चालक नाही. पुढे ९१ आणि मागे कंपनीचे हलके कोन ठेवले, तर मागच्यांना ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला जातो आणि पुढच्यांचे कान किटतात. चार दारांत एकाच मालिकेचे कोॲक्सियल (ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, मध्येच बसवलेले) बसवा आणि फेडर, म्हणजे पुढे-मागे आवाज वाटायची सोय, थोडा पुढे ठेवा.

सेन्सिटिव्हिटीच्या आकड्यावरही डोळे मिटून जाऊ नका. काही कंपन्या १ वॉटला मोजतात, काही २.८३ व्होल्टला. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॉट, म्हणजे ३ डेसिबल फुकटचे वाढले. तुमचा ९१ दुसऱ्याच्या ८८ एवढाच असू शकतो. पत्रकावरची बारीक अक्षरं वाचूनच तुलना करा.

तारजोड
कोॲक्सियल लावताना एक गोष्ट हमखास राहून जाते. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर किंवा आरशाच्या त्रिकोणात वेगळा ट्वीटर असतो आणि तो दारातल्या स्पीकरच्याच चॅनलवर जोडलेला असतो. दारात कोॲक्सियल घातला आणि तो ट्वीटर तसाच ठेवला, तर वरच्या पट्टीला दोन ट्वीटर समांतर येतात. आवाज टोचतो, आणि त्या पट्टीत स्टिरिओला ४ च्या जागी जवळपास २ ओहमचा भार दिसतो. जुन्या ट्वीटरची पिन काढून टाका.

कॉम्पोनंट (ट्वीटर वेगळा असलेला संच) घेणाऱ्यांनी आधी दाराची तार बघावी. क्रॉसओव्हरचा (जाड-बारीक आवाज वाटून देणारा) डबा दारात ठेवला तर ट्वीटरसाठी नवी तार दारातून पुढच्या काचेशेजारच्या खांबापर्यंत न्यावी लागते. दार आणि बॉडीमधल्या रबरी नळीत पक्का प्लग असेल तर ती तार सहज जात नाही, भोक पाडावं लागतं. अशा गाडीत ट्वीटरच्या तारेतच कपॅसिटर दिलेला संच घ्या. ४.७ मायक्रोफॅरड असेल तर ४ ओहमला साधारण ८,५०० हर्ट्झच्या खालचं हळूहळू कापलं जातं. खांबात पडदा एअरबॅग असेल तर तार तिच्यावरून नेऊ नका, मागून न्या.

वूफरनाना
दोन्ही बाजू खरं दुखणं सोडून बोलताय. १५ वॉटवर कुठलाच साडेसहा इंची स्पीकर बेस देणार नाही, ब्युटिल कितीही चिकटवा. आहेत तेच स्पीकर ठेवा, आधी चार चॅनलचा छोटा अँप (आवाजाची ताकद वाढवणारा वेगळा डबा) घ्या आणि ८० हर्ट्झच्या खालचं कापून वाजवा. आवाज फाटतो तो बहुतेकदा स्टिरिओच्या आतल्या अँपची ताकद संपल्यामुळे.

चार_ओहम
वूफरनाना, फाटण्याचं कारण बरोबर, पण अँप दहा हजारांत पुरत नाही. बॅटरीपासून जाड तार, बॅटरीजवळच फ्यूज, मजुरी, हे सगळं वर येतं. तार तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची निघाली तर त्याच जाडीत करंट कमी वाहतो. शिवाय कंपनीच्या स्पीकरचा कोन पातळ आणि चुंबक छोटं, त्यावर ५० वॉट सोडले तर कॉइल जळते. ८० हर्ट्झचं कापणं मात्र स्टिरिओत सोय असेल तर अँपशिवायही करा. कोनची फुकटची धडपड थांबते.

घाटवाट, २.८३ व्होल्टचा मुद्दा मान्य. मागे रोज माणसं बसत असतील तर चार कोॲक्सियल, हेही मान्य. पण मग ब्युटिलचे पैसे पुढच्या दोन दारांपुरते बाजूला काढूनच स्पीकरची किंमत ठरवा.

घाटवाट
चालेल. स्पीकर आणि पत्र्यामधल्या रिंगचंही ठरवा. दुकानदार एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या फळीची) रिंग लावून देतात. ती दारातल्या ओलीने फुगते, स्क्रू सुटतात आणि दोन पावसाळ्यांत स्पीकर खडखडतो. कोकणात तर नकोच. एबीएस किंवा पीव्हीसी प्लास्टिकची घ्या, मागे पातळ फोम पट्टी लावा. जाडी ठरवण्याआधी काच पूर्ण खाली करून काच आणि रिंग बसते त्या पत्र्यामधलं अंतर मोजा. ६५ मिलिमीटर खोलीचा स्पीकर ५५ च्या जागेत बसवायचा तर फरकाचे १० आणि काचेला मोकळीक ५, अशी किमान १५ ची रिंग लागते, आणि पुढून जाळीला कोन घासतो का तेही बघायचं. पोलोसारख्या गाडीत स्पीकर रिव्हेटने ठोकलेला असतो. रिव्हेट ड्रिलने काढल्यावर लोखंडाचा चुरा चुंबकाला चिकटायच्या आत व्हॅक्यूमने ओढून घ्या.

तारजोड
पॅनल लावण्याआधी फेज तपासा, म्हणजे सगळ्या स्पीकरची प्लस-मायनस जोडणी सारखी आहे का ते. स्टिरिओच्या मागचा कपलर (तारांचा प्लग) काढा आणि त्या बाजूने तारांना पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला गेला तर कोन बाहेर येतो. एका दारात आत गेला तर तिथली जोडणी उलटी आहे: दोन्ही बाजू मिळून बेस गायब होतो आणि दोष स्पीकरवर जातो. मूळ तार कापू नका, गाडीच्या मॉडेलचा कपलर मिळतो. पॅनलच्या क्लिपा पाच-सहा जास्तीच्या आणून ठेवा, जुन्या तुटतात. तुटलेल्या क्लिपवर पॅनल तसंच दाबलं तर नवा स्पीकर लागल्यावर तेच वाजायला लागतं.