गोडोमध्ये मराठी संवाद: अक्षरं थरथरतात, ब्राउझरमध्ये चौकोन येतात, आणि ठाण्यात चाचणी कुठे घ्यावी?

ऐरोली_पिक्सेल (प्रश्न)

गोडो (खेळ बनवायचं सॉफ्टवेअर) ४.३ मध्ये खाडीकाठच्या गावावरचा छोटा कोड्यांचा खेळ करतोय. साधारण ४० मिनिटांचा, सगळे संवाद मराठीत. मूळ रिझोल्यूशन ३२०×१८०, स्ट्रेच मोड व्ह्यूपोर्ट (सगळं छोट्या आकारात काढून मग पडद्याएवढं ताणायचं), पिक्सेल आर्ट. चार गोष्टी अडल्यात:

१. संवाद टाइपरायटरसारखा एकेक अक्षर उमटतो. ‘क्षितिज’ लिहिताना आधी क, मग पाय मोडलेला क्, मग क्ष, मग वेलांटी, असं सगळं थरथरत पुढे सरकतं. सोबतचा टिक-टिक आवाजही भलताच वाजतो.

२. कॉम्प्युटरवर आणि फोनवर मजकूर नीट दिसतो, पण ब्राउझरसाठी एक्स्पोर्ट केला की नुसते चौकोन.

३. संवाद स्प्रेडशीटमधून सीएसव्ही (साधी मजकूर फाइल) करून आणतो. वाटेत कुठेतरी ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं.

४. गूगल प्लेला खातं नवीन, वैयक्तिक आहे. बारा चाचणीकार लागतात म्हणे. त्याआधी ठाणे किंवा नवी मुंबईत माणसं समोर बसवून खेळ दाखवायचाय. जागा कशी असावी, तयारी काय करावी?

काना_मात्रा

पहिल्या तिन्हींची उत्तरं देतो. चौथ्यावर इथले बाकीचे बोलतील.

थरथर: लेबल किंवा रिचटेक्स्टलेबल (मजकूर दाखवणारा घटक) निवडा, इन्स्पेक्टरमध्ये ‘व्हिजिबल कॅरॅक्टर्स बिहेविअर’ शोधा. मुळात ते ‘कॅरॅक्टर्स बिफोर शेपिंग’वर असतं. म्हणजे आधी मजकूर कापला जातो आणि उरलेल्या तुकड्याची जोडणी होते. क्षि हे संगणकाला चार तुकडे आहेत: क, हलन्त, ष, वेलांटी. दोन तुकड्यांवर कापलं की पाय मोडका क् दिसणारच. तिथे ‘आफ्टर शेपिंग’ निवडा. मग पूर्ण वाक्याची जोडणी आधी होते, ओळी कुठे तुटणार हेही आधीच ठरतं, आणि अक्षर जुळलेलंच उमटतं. ओळीच्या शेवटचा शब्द अर्धा टाइप होऊन टुणकन खालच्या ओळीत जातो, तेही थांबतं.

आवाज मात्र तुमच्या कोडमध्ये दर तुकड्याला वाजतोय, म्हणून क्षिला चार टिक. मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त यांना आवाज द्यायचा नाही, आणि हलन्ताच्या लगेच पुढच्या व्यंजनालाही नाही. एवढी अट घातली की बोलण्याची लय जमते. स्वल्पविरामाला साधारण ०.१५ सेकंद आणि पूर्णविरामाला ०.३५ थांबा, मराठी वाक्याला तेवढा श्वास लागतो.

याच कारणाने दोन गोष्टी टाळा. बीबीकोडने (मजकुरात घालायच्या रंग-ठळकपणाच्या खुणांनी) एखाद्या जोडाक्षराच्या मधोमध रंग बदलू नका, जोडणी तिथेच तुटते. आणि फॉन्ट व्हेरिएशनमध्ये ग्लिफ स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) शून्यच ठेवा. इंग्रजी शीर्षकाला दोन पिक्सेल अंतर शोभतं. मराठीत शिरोरेषेला भगदाडं पडतात आणि शीर्षक दात पडल्यासारखं दिसतं.

चौकोन: तुमच्या पिक्सेल फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. कॉम्प्युटरवर आणि फोनवर गोडो गुपचूप सिस्टिमचा फॉन्ट उसना घेतं. ब्राउझरमध्ये ती सोय नाही. फॉन्टच्या इम्पोर्ट टॅबमध्ये ‘अलाउ सिस्टिम फॉलबॅक’ आत्ताच बंद करा, म्हणजे चूक घरीच दिसेल. मग फॉलबॅकच्या (मूळ फॉन्टमध्ये अक्षर नसेल तेव्हा वापरायच्या फॉन्टच्या) यादीत स्वतःचा देवनागरी फॉन्ट जोडा. मुंबईच्याच ‘एक टाइप’चा मुक्ता, किंवा नोटो सान्स देवनागरी. दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, विकायच्या खेळात चालतात. परवान्याची फाइल सोबत द्या.

फॉन्ट जोडूनही वेब बिल्डमध्ये वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, तर एक्स्पोर्ट टेम्प्लेट (ज्यावरून बिल्ड तयार होतं तो साचा) तपासा. आकार कमी करायला कुणी साधा टेक्स्ट सर्व्हर (गोडोचा मजकूर मांडणारा भाग) घालून टेम्प्लेट बांधलेलं असतं, त्यात जोडणी होत नाही. गोडो ३ मध्ये तर ती सोयच नव्हती, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून उपाय शोधू नका.

लेबलची भाषा ‘एमआर’ ठेवा, किंवा खेळाचा लोकेलच (भाषेची सेटिंग) मराठी करा. नोटोसारख्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी ठेवलेली असतात, भाषा सांगितली तरच ती येतात. नाहीतर हिंदी वळणाचा ल दिसतो. चूक नाही, पण आपल्या वाचकाच्या डोळ्याला खटकतं.

ऱ्या: हा दोन प्रकारे लिहिला जातो. एक, नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. दुसऱ्या प्रकारातला जोडक कॉपी-पेस्टमध्ये किंवा ‘अदृश्य चिन्हं काढा’सारख्या सफाईत उडतो आणि रफार उरतो. सगळा मजकूर पहिल्या प्रकारात आणा. पण ‘र्या शोधा, ऱ्या घाला’ असं सरसकट करू नका! तुमचा खेळ खाडीवरचा, त्यात ‘दर्या’ असणार. त्याच्या ‘दऱ्या’ होतील आणि कोळी थेट सह्याद्रीत पोचेल. सूर्या, कार्यालय, पर्याय यांचंही तेच. शोधून एकेक बदला.

सीएसव्ही यूटीएफ-८ मध्ये, सुरुवातीच्या बीओएम या अदृश्य खुणेशिवाय हवी. एक्सेलच्या साध्या ‘सेव्ह अ‍ॅज सीएसव्ही’ने मराठीची प्रश्नचिन्हं होतात. लिबरऑफिस किंवा गूगल शीट्समधून काढा.

नौपाडा_नाइट्स

वरच्यात एक भर. ३२०×१८० मध्ये देवनागरी बसवायचा हट्टच सोडा. रोमन अक्षर ८ पिक्सेलमध्ये होतं. आपल्याला शिरोरेषा १, अक्षराचं अंग ७, वर रफार-मात्रा-अनुस्वाराला ४, खाली उकार आणि उभ्या जोडाक्षरांना ४, म्हणजे १६ लागतात. ओळींत २ पिक्सेल अंतर धरा, तीन ओळींच्या संवादाला ५४. पडद्याचा ३० टक्के भाग संवादाच्या चौकटीनेच खाल्ला. आणि एवढं करून ‘दृष्टी’ आणि ‘हृदय’ ओळखू येतीलच असं नाही.

उपाय: खेळ सबव्ह्यूपोर्टमध्ये (खेळाच्या आतला वेगळा छोटा पडदा) ३२०×१८० वरच राहू दे. त्याच्या कंटेनरला स्ट्रेच चालू करा. मुख्य खिडकी ६४०×३६०, स्ट्रेच मोड ‘कॅनव्हास आयटम्स’, आस्पेक्ट ‘एक्स्पांड’, कंटेनरचं श्रिंक २. चित्रं ठोकळेदार राहतात, आणि मजकूर बाहेरच्या कॅनव्हास लेअरवर (चित्रांच्या वरचा वेगळा थर) फोनच्या खऱ्या रिझोल्यूशनला रेखीव उमटतो. २०:९ च्या फोनवर रुंदी ६४० ऐवजी ८०० होईल, तेव्हा संवादाची चौकट मधोमध अँकर करा, डावीकडे नको.

टीएमपी_त्रस्त

मधेच विचारतो. युनिटीत (खेळ बनवायचं दुसरं सॉफ्टवेअर) टेक्स्टमेशप्रोला (तिथली मजकूर दाखवायची सोय) मुक्ता लावला तरी ‘किती’ची वेलांटी क च्या उजवीकडे पडते. फॉन्टच खराब आहे का?

काना_मात्रा

फॉन्ट ठीक आहे. टेक्स्टमेशप्रो देवनागरीची जोडणी करत नाही, युनिकोडमधल्या क्रमाने चिन्हं ओळीत ठेवून देतं. वेलांटी साठवताना व्यंजनानंतरच असते. शीर्षक आणि मेनूचे आठ-दहा शब्द इंकस्केपमध्ये (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) लिहून चित्र म्हणून घालता येतात. पूर्ण संवादाला तो मार्ग नाही, दर दुरुस्तीला नवं चित्र काढत बसाल.

खाडीपलीकडे

चौथा प्रश्न. गूगलचा नियम १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना लागू आहे: बंद चाचणीत (फक्त बोलावलेल्यांसाठी) किमान १२ जण, सलग १४ दिवस. आधी हा आकडा २० होता. सलग म्हणजे सलग. अकराव्या दिवशी दोघं बाहेर पडले आणि आकडा ११ वर आला तर पंचाईत. म्हणून १८-२० जण घ्या. आयफोनवाले मित्र यात मोजू नका. आणि ‘तू माझं अ‍ॅप टाक, मी तुझं टाकतो’ अशा गटांतून आकडा भरतो, पण खेळाबद्दल काही कळत नाही. प्रॉडक्शनची (खेळ सगळ्यांसाठी खुला करायची) परवानगी मागताना चाचणीत काय कळलं आणि काय बदललं हे गूगल विचारतं, तिथे लिहायला काहीतरी हवं.

समोरासमोरची चाचणी याच्या आधी घ्या. जागा म्हणून ठाण्यातल्या तलावपाळीचा (तलावाचा काठ) विचार बरेच जण करतात. गर्दी आयती मिळते, हे खरं. पण उन्हात पडदा दिसत नाही, संध्याकाळी आवाज, आणि वाचायचा खेळ उभ्याने कोण खेळणार? सोसायटीचा क्लबहाउस हॉल घ्या. ऐरोलीत घेतलात तर ठाण्याहून दोनच स्टेशनं आणि वाशीकडच्यांनाही ट्रान्स-हार्बर सरळ. फक्त रविवार असेल तर मेगाब्लॉक आदल्या दिवशी बघा, नाहीतर निम्मी मंडळी ठाणे स्टेशनवर.

तीन फोन, त्यातला एक मुद्दाम २-३ जीबी रॅमचा. प्रत्येकी १५ मिनिटं खेळ, ५ मिनिटं बोलणं. तासाला तीन फोनवर ९ जण, तीन तासांत २७. यापेक्षा जास्त बोलावू नका. बाहेर रांग लागली की आतला घाईत खेळतो.

एपीके (अँड्रॉइडची अ‍ॅप फाइल) आदल्या रात्री टाकून ठेवा, हॉलच्या वायफायवर भिस्त नको. बिल्डवर सही करायची डीबग की आणि रिलीज की वेगळी असली तर नवं बिल्ड जुन्यावर बसत नाही. जुनं काढावं लागतं, सेव्ह जातं. म्हणून दिवसभर एकाच कीचं बिल्ड. डेव्हलपर पर्यायांतलं ‘टच दाखवा’ चालू करून स्क्रीन रेकॉर्डिंग लावा. बोट कुठे कुठे फिरलं ते नंतर दिसतं, आणि लोक हमखास नको तिथेच दाबतात. लहान मुलं असतील तर रेकॉर्डिंगआधी आईवडिलांना विचारायचं.

तुम्ही स्वतः दोन पावलं मागे, गप्प. अडला तरी ९० सेकंद बोलायचं नाही. वहीत तीनच रकाने: वेळ, कुठे अडला, कोणतं वाक्य दोनदा वाचलं. ‘आवडला का?’ विचारलंत तर ‘छान आहे हो’ एवढंच मिळेल, पोहे पण छान होते म्हणतील. ‘आता तुला काय करायचं होतं?’ हे विचारा.

नौपाडा_नाइट्स

आणि चार-पाच जणांकडून संवाद मोठ्याने वाचून घ्या. जिथे जीभ अडखळते ते वाक्य लिहितानाच इंग्रजीत सुचलेलं असतं. यासाठी डेव्हलपर नकोत, ते वाचतच नाहीत, भराभर टॅप करतात. मराठी माध्यमातली सातवी-आठवीची मुलं आणि त्यांचे आजीआजोबा बोलवा.

पुढे आवाज घालायचा असेल तर ठाण्यात एकांकिका करणारी कॉलेजची मुलं शोधा, खाडीकाठची बोली कानावर असलेली. किती ओळी, किती पैसे, आवाज ट्रेलरमध्ये वापरणार का, हे अर्ध्या पानावर लिहून दोघांनी सही करा. ‘आपलीच मुलं आहेत’ म्हणून तोंडी ठेवू नका.

ऐरोली_पिक्सेल

‘आफ्टर शेपिंग’ने थरथर गेली. दर्या पण वाचला. आता ६४०×३६० वर रिचटेक्स्टलेबलच्या पहिल्याच ओळीत ‘कौल’ची वरची मात्रा कापली जातेय. दुसऱ्या ओळीपासून ठीक.

काना_मात्रा

रिचटेक्स्टलेबल चौकटीबाहेरचं मुळातच कापतो, आणि फॉन्टने सांगितलेल्या उंचीच्या वर मात्रा जरा डोकावतेय. दुसऱ्या ओळीला वर जागा असते म्हणून तिथे दिसत नाही. फॉन्ट व्हेरिएशन करा, ‘स्पेसिंग टॉप’ ३ द्या. मग ‘र्कौं’ आणि ‘ट्ठू’ एकाच ओळीत लिहून बघा. वरखाली दोन्ही शाबूत असेल तर बाकी सगळं बसतं.